तीन म्हाताऱ्यांनी युरोपात मुक्काम कुठं टाकावा?

रंकाळा_फेरी
नमस्कार मंडळी. आम्ही कोल्हापूरचे. मी ६९, बायको ६६ आणि माझी आक्का ७४. बायकोचा उजवा गुडघा दोन वर्षांपूर्वी बदललाय. सपाटीला रंकाळ्याचा अर्धा फेरा आरामात होतो, पण जोतिबाला गेलो की ती गाडीत बसूनच हात जोडते. आक्काच्या पायांचं काही नाही, पण दुपारी तासभर आडवी झाल्याशिवाय तिची संध्याकाळ उगवत नाही.

मे महिन्यात युरोपला जायचं ठरतंय. एका टूरवाल्याचा कागद आणला होता: बारा दिवस, सात देश, रोज पहाटे सहाला बॅगा खोलीबाहेर. आम्ही पन्हाळ्याला जाऊन आलो तरी दुसऱ्या दिवशी नऊला उठतो! म्हणून एकाच गावात आठ-नऊ रात्री पथारी पसरायची आणि तिथनं जमेल तसं जाऊन यायचं, असा विचार आहे. पॅरिस (बायकोचं), ल्युसर्न (माझं) आणि व्हिएन्ना (भाच्याचं, तो स्वतः कधी गेलेला नाही) अशी नावं आहेत. वयस्कर माणसं घेऊन कुणी गेलं असेल तर सांगा. बघायच्या ठिकाणांची यादी नको, ती गूगलवर आहे.

घाटावरचा
काकूंची माफी मागून लिहितो. पॅरिस मोंमार्त्रची टेकडी सोडली तर बऱ्यापैकी सपाट आहे, गोची मेट्रोची आहे. जुन्या स्टेशनांत लिफ्ट नाही, गाडी बदलायची म्हणजे जमिनीखाली जिने उतरा, चढा, परत उतरा. सगळ्या स्टेशनांवर लिफ्ट असलेली जुन्या जाळ्यातली लाइन एकच, १४ नंबरची. बसनंच फिरणार असाल तर पॅरिस जमेल.

ल्युसर्नला स्टेशनातून बाहेर पडलं की समोर तळं आणि बोटीचा धक्का. बोटीनं फित्सनाऊ, तिथनं दातेरी रुळांच्या गाडीनं थेट रिगी डोंगराचा माथा, १८०० मीटरच्या आसपास. १८७१ सालची गाडी, युरोपातली पहिली डोंगररेल्वे. स्विस ट्रॅव्हल पासमध्ये बोट आणि ही गाडी दोन्ही येतात. पण खिसा जपा, आणि पाऊस लागला की डोंगर दिसत नाहीत. मग काय करायचं नऊ दिवस?

सून_राजारामपुरी
काका, आम्ही सासूसासऱ्यांना (७० आणि ७४) घेऊन सप्टेंबरात व्हिएन्नात नऊ रात्री राहिलो. आधी आमची फजिती सांगते.

घर नेटवरून घेतलं. लिहिलं होतं "पहिला मजला, लिफ्ट आहे." म्हटलं, लिफ्ट बिघडली तरी एकच जिना. तिथल्या जुन्या इमारतींत तळमजला, मग "होखपार्टेर" (उंचावरचा तळमजला), मग "मेझानिन" (मधला बुटका मजला) आणि त्यानंतर त्यांचा पहिला मजला! म्हणजे आपला तिसरा म्हणा. लिफ्ट होती, पण ती सुरू व्हायची रस्त्यावरून आठ पायऱ्या चढून गेल्यावर. सासरे त्या आठ पायऱ्यांवर रोज दोनदा थांबायचे आणि कठड्यावरच्या लोखंडी वेलबुट्टीचं कौतुक करायचे. दम लागलाय हे कबूल करणार नाहीत.

दुसरं, न्हाणीघर. आंघोळीला टब होता, त्याची कड मांडीपर्यंत. सासूबाईंचा पाय पलीकडे जाईना. शेवटी प्लास्टिकचं स्टूल आणलं आणि घरनं नेलेला तांब्या कामाला आला. तेव्हा घर ठरवताना किल्ला-राजवाडा किती लांब हे नंतर, आधी रस्त्यापासून पलंगापर्यंत पायऱ्या किती ते विचारा. टब की नुसता शॉवर, तेही.

आता चांगलं. मेट्रोच्या सगळ्या स्टेशनांवर लिफ्ट. ट्रामची जमीन रस्त्यापासून वीतभर वर. आमच्या घराजवळून डी नंबरची ट्राम जायची, बेल्वेडेर राजवाड्यापासून रिंग रस्त्यानं ऑपेरा, संसद असं करत. सासऱ्यांनी तिचं नाव ठेवलं "ड डमरूचा". तिसऱ्या दिवसापासून दोघं दुपारी आम्हाला सोडून आपले आपण घरी यायचे, झोप काढायचे आणि पाचला परत ऑपेरापाशी उभे! आक्कांना हेच लागणार. दमलेल्या माणसाला एकट्यानं, कुणाला न विचारता घरी येता आलं पाहिजे. बाकी गाव कितीही देखणं असो.

बाहेरगावी ब्रातिस्लावा केलं, रेल्वेनं तासभर. तिथला किल्ला खालूनच बघितला. साल्झबुर्ग एका बाजूनं अडीच तास, ते एका दिवसात करायला नको होतं. सेंट स्टीफन चर्चच्या दक्षिण मनोऱ्याला ३४३ पायऱ्या, पण उत्तरेकडच्याला लिफ्ट आहे. रविवारी दुकानं बंद, मोठ्या स्टेशनातलं किराणा दुकान तेवढं उघडं. शनिवारी दूध आणून ठेवा.

रंकाळा_फेरी
मेझानिनचं वाचून बायको इतकी हसली की पॅरिस विसरली. आक्का विचारते, एकटी परत आले आणि कुलूप उघडलं नाही तर? आणि व्हिएन्ना सहा, ल्युसर्न तीन असं केलं तर व्हिसा कुठला?

सून_राजारामपुरी
किल्ल्यांचे दोन जोड आधीच मागून घ्या आणि पहिल्या दिवशी आक्कांकडून पाच वेळा कुलूप उघडून घ्या. आमचं उलटं फिरायचं.

घाटावरचा
जास्त रात्री जिथे, त्या देशाकडे अर्ज, म्हणजे ऑस्ट्रिया. शेंगेन (एकाच व्हिसावर चालणारा युरोपातल्या देशांचा गट) असल्यानं स्वित्झर्लंड त्यातच चालतं. अर्ज प्रवासाआधीच्या सहा महिन्यांत कधीही भरता येतो, शेवटच्या पंधरवड्यापर्यंत थांबू नका. फी ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोचा. विम्यात आधीपासूनचे आजार धरलेत का ते बारीक अक्षरांत वाचा, काकूंचा गुडघा आहे. विमानतळावर व्हीलचेअर लागली तर निदान ४८ तास आधी विमान कंपनीला कळवा, पैसे पडत नाहीत. काकू नको म्हणतील, तरी कळवा.

रंकाळा_फेरी
ल्युसर्न रद्द, नऊच्या नऊ व्हिएन्ना. काकूंनी व्हीलचेअरला नको म्हटलं, कळवलंय. एका घरमालकिणीला न्हाणीघराचा फोटो मागितला, तर बाईनं टबाला मोजपट्टी लावून पाठवला: ५८ सेंटिमीटर. आम्ही टेप घेऊन घरभर हिंडलो, आमचा जुना शिसवी पलंग नेमका तेवढा भरला. बायकोनं त्याच्या कडेवरून पाय टाकून बघितला आणि म्हणाली, दुसरं घर बघा. बघतोय. डमरूच्या वाटेवर, शॉवरवालं कुणाला ठाऊक आहे का?