मदत हवी आहे: बिस्मथच्या वजाबाकीत केंद्रक कसं कटतं?

नमस्कार मंडळी. सोलापुरात एम.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या लॅबची मजल हीलियम-निऑन लेझरपर्यंत, तरी हौसेने सेमिनारला विषय घेतलाय: जड आयनांवर लेझर सोडून क्यूईडीची (क्वांटम इलेक्ट्रोडायनॅमिक्स, म्हणजे प्रकाश आणि इलेक्ट्रॉनच्या देवघेवीचा सिद्धांत) परीक्षा.

जर्मनीत डार्मस्टाटला बिस्मथ-209 चे 83 पैकी 82 इलेक्ट्रॉन काढतात आणि उरलेल्या एकट्याचं हायपरफाइन अंतर (केंद्रकाच्या चुंबकत्वामुळे ऊर्जापातळीत पडणारी फूट) मोजतात. हायड्रोजनमध्ये ते 21 सेंटिमीटर, म्हणजे रेडिओ लहरी. इथे मात्र 244 नॅनोमीटरच्या आसपास, म्हणून लेझर चालतो. डॉप्लरचं गणित जमलं. आयन प्रकाशाच्या 71 टक्के वेगाने कड्यात फिरतात, त्यामुळे समोरून येणारा 591 चा लेझर त्यांना 2.43 पट आखूड दिसतो. कॅल्क्युलेटरवर उत्तर आलं तेव्हा भारी वाटलं.

घोडं पुढे अडलंय. केंद्रकाच्या आत चुंबकत्व कसं पसरलंय हे नीट ठाऊक नसल्यामुळे येणारी अनिश्चितता क्यूईडीच्या दुरुस्तीएवढीच मोठी. म्हणून तीन इलेक्ट्रॉनवाल्या बिस्मथचंही अंतर मोजतात (1555 नॅनोमीटर) आणि त्यातून पहिल्याच्या 0.16886 पट वजा करतात. म्हणे केंद्रकाचा भाग कटतो. पण का? सर हेच विचारणार.

शिवाय 2017 मध्ये ही वजाबाकी सिद्धांताशी सात सिग्माने (अनिश्चिततेच्या सातपट फरकाने) जुळली नाही. मग क्यूईडी चुकलं म्हणायचं का? पेपरच्या लिंका नकोत, आहेत त्याच डोक्यावरून जातायत.

---

हुरडाप्रेमी:
भावा, केंद्रकाच्या आत विभव सुमारे 25 एमईव्ही (25,000 केईव्ही) खोल असतं. 1s (एकट्या इलेक्ट्रॉनची कक्षा) आणि 2s (तीनवाल्यातल्या बाहेरच्याची) यांच्या बंधनऊर्जा त्यापुढे किस झाड की पत्ती, शंभर केईव्हीच्या घरात. त्यामुळे आत दोघांचं डिरॅक समीकरण (वेगवान इलेक्ट्रॉनचं क्वांटम समीकरण) जवळपास एकच, तरंगफलनाचा आकारही एकच, फक्त गुणक वेगळा. चुंबकत्व आत कसंही पसरलेलं असो, दोघांवरच्या परिणामाचं गुणोत्तर बदलत नाही. तुझा 0.16886 तिथून आला. क्यूईडीचा खेळ शेकडो फेम्टोमीटरवर, केंद्रकाच्या बराच बाहेर चालतो, शिवाय तीन इलेक्ट्रॉनांत आपसातली देवघेव असते. म्हणून तो भाग वजाबाकीत पूर्ण कटत नाही.

सात सिग्माचं म्हणशील तर क्यूईडी सुटलं. बिस्मथ केंद्रकाचा चुंबकीय आघूर्ण (चुंबकत्वाची ताकद) जुन्या एनएमआर (केंद्रकाचा चुंबकीय अनुनाद) मोजमापातून घेतला होता आणि त्यातली रासायनिक दुरुस्ती चुकीची होती. 2018 मध्ये 4.1106 ऐवजी 4.092 आला. वजाबाकीचे सिद्धांताने दिलेले −61.320 मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट त्याच प्रमाणात कमी करून बघ, −61.04 येतात. मोजलेले −61.012. हे गणित फळ्यावरच करून दाखव, सर पुढचं विचारणार नाहीत.