चर्चा: थायलंडच्या पोरांचं इंग्रजी खरंच घसरतंय, की आधीपासून तळालाच आहे?

रयाँगकर:
मंडळी, मी नोकरीनिमित्त थायलंडला असतो, बँकॉकच्या पूर्वेला रयाँग-चोनबुरीचा पट्टा आहे तिकडं, सगळा गाड्यांचा आणि पार्ट्सचा धंदा. दरवर्षी फ्रेशर इंजिनियर घेतात तेव्हा इंटरव्ह्यूला मला बसवतात. पोरं हुशार असतात हो, ड्रॉइंग समोर टाकलं की बरोब्बर चुकीवर बोट ठेवतात, पण "ही चूक का होतेय ते जरा इंग्रजीत सांग" म्हटलं की मान खाली. बारा वर्षं शाळा आणि वर चार वर्षं युनिव्हर्सिटी करून ही गत. ईएफ नावाची कंपनी दरवर्षी इंग्रजीची जागतिक यादी काढते, त्यात 2017 ला थायलंड 80 देशांत 53वा होता आणि 2024 ला 116 देशांत 106वा. शेजारी बघा, फिलिपीन्स 22, मलेशिया 26, आणि व्हिएतनाम सुद्धा 63. ज्या देशात 2019 साली जवळपास चार कोटी परदेशी पर्यटक येऊन गेले त्याचं हे सांगतोय मी.

माझं मत विचाराल तर दोष पोरांचा नाही, सरकारं नुसत्या घोषणा करत बसली. 1996 पासून पहिलीपासून इंग्रजी सक्तीचं. 2012 हे 'इंग्लिश स्पीकिंग इयर' म्हणून जाहीर केलं, दर सोमवारी शाळेत इंग्रजीत बोलायचं म्हणे. त्याच वर्षी पहिलीच्या पोरांना टॅबलेट वाटले, 2014 ला सरकार गेलं आणि टॅबलेट पण गेले. 2016 ला पहिली ते तिसरीचे तास आठवड्याला एकाचे पाच केले. पाच तास शिकवणार कोण हे मात्र कोणी विचारलं नाही. बोला आता.

गणिती गोट्या:
ती यादी दर वर्षी कोणीतरी नाचवतंच. ईएफ ही इंग्रजीचे कोर्स विकणारी कंपनी आहे, त्यांची टेस्ट ऑनलाइन आणि फुकट, ज्याला वाटेल तो देतो. म्हणजे हा शाळकरी पोरांचा सँपल नाहीच मुळात. तरी घ्या धरून. पहिली यादी 2011 ला आली त्यात 44 देश होते आणि थायलंड 42वा! मग घसरण कुठून मोजताय? तळाला होते, मध्ये जरा वर आले, परत तळाला गेले. आणि नंबरापेक्षा गुण बघा, 2020 ला 419 आणि 2024 ला 415. चार गुणांवरून बोंब मारायची तर अवघड आहे. यादीत नवे देश आले, व्हिएतनामसारखे पुढे सरकले, हे जिथल्या तिथं राहिले म्हणून नंबर खाली दिसतो.

खरं बघायचं तर त्यांची ओ-नेट परीक्षा बघा, बारावीच्या वर्षाला देतात ती. इंग्रजीची सरासरी वर्षानुवर्षं शंभरात वीस ते तीसच्या आसपास. पर्यायांवर खुणा करायचा पेपर आहे, डोळे मिटून खुणा केल्या तरी वीस-पंचवीस पडतात.

रयाँगकर:
म्हणजे तुम्ही मला खोडताय की माझीच बाजू मांडताय? घसरण नाही, आधीपासून जमिनीवरच आहे, बरं. माझ्यासमोर खुर्चीत बसलेल्या पोराला त्यानं काय फरक पडला?

गणिती गोट्या:
फरक असा की 'घसरतंय' म्हटलं की लोक म्हणतात पूर्वीचं आणा, पाठांतर आणा, छडी आणा. पूर्वी काही सोनं नव्हतं एवढंच म्हणणं आहे.

मराठी बाणा:
मला मूळ प्रश्नच पटत नाही. नाही येत इंग्रजी, मग? थायलंडमध्ये कोर्ट थाईत चालतं, बँक थाईत, डॉक्टर-इंजिनियर सुद्धा मुख्यतः थाईत शिकतात, त्यांचं चुलालोंगकोर्न विद्यापीठ 1917 पासून उभं आहे. आपल्याकडं मराठीतून बीई करून दाखवा म्हटलं तर लोक हसतात. तो देश कधी कोणाची वसाहत नव्हता म्हणून त्यांना हा न्यूनगंड नाही. 2010 साली इंग्रजीला अधिकृत दुसरी भाषा करायची टूम निघाली होती तेव्हा त्यांच्या शिक्षणमंत्र्यांनीच प्रस्ताव मागं घेतला, का तर आपणही कोणाची तरी कॉलनी होतो असा गैरसमज होईल. याला म्हणतात कणा.

आणि रयाँगकर, राग मानू नका, पण तुम्ही त्यांच्या देशात पगार घेताय ना, मग त्या पोराला त्याची चूक थाईत सांगू दे की. तुम्हाला येतं का थाई?

रयाँगकर:
येतं हो, कामापुरतं बरं येतं, बाजारात भाव करण्याइतकं तर चांगलंच येतं. शॉप फ्लोअरवर मी थाईतच बोलतो. पण ड्रॉइंग जातं जपानला आणि तिथला माणूस उत्तर इंग्रजीत पाठवतो, मोडक्या का असेना. ते मेल वाचून ज्याला कळतं तो दोन वर्षांत सुपरवायझर होतो, बाकीचे मशीनवरच राहतात. कणा वगैरे ठीक आहे, पण त्याची किंमत मंत्री मोजत नाही, मंत्र्यांची पोरं इंटरनॅशनल स्कूलमध्ये असतात. आणि कॉलनी नव्हती म्हणून इंग्रजी नको हा तर्क त्यांच्या राजांनाच मान्य नव्हता. राजा मोंगकुट भिक्षू असताना मिशनऱ्यांकडून स्वतः इंग्रजी शिकला, 1862 साली पोरांना शिकवायला अ‍ॅना लिओनोवेन्स बाईंना बोलावून घेतलं. वसाहत होऊ नये म्हणून इंग्रजी शिकले ते लोक.

मराठी बाणा:
राजवाड्यात शिकले. गावात नाही शिकवलं. मी तेच म्हणतोय, ज्याला गरज आहे त्यानं शिकावं, अख्ख्या देशाला पहिलीपासून कशाला जुंपायचं.

नोंथाबुरीच्या बाई:
बरेच दिवस नुसती वाचत होते, आता राहवत नाही. मी बँकॉकला लागून नोंथाबुरी आहे तिथं एका सरकारी शाळेत इंग्रजी शिकवलंय, एजन्सीमार्फत, दहा महिन्यांचा करार आणि सुट्टीचा पगार नाही असला प्रकार. शाळेचं नाव घेत नाही.

वर्गात पंचेचाळीस पोरं. मी आत गेले की मॉनिटर ओरडणार "स्टँड अप प्लीज", मग सगळे एका सुरात "गुड मॉर्निंग टीचर", मी म्हणणार "हाऊ आर यू", आणि छप्पर उडेल अशा आवाजात "आयम फाइन थँक्यू अँड यू". ताप भरलेलं पोरगं पण फाइनच. त्याच्यापुढं एक प्रश्न विचारला की शांतता. वह्या उघडून बघितल्या तर प्रत्येक इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर थाई लिपीत उच्चार लिहिलेला, म्हणजे इंग्रजी अक्षरं वाचायची वेळच येत नाही, वरचं थाई वाचून मोकळे. थाई लिहिताना दोन शब्दांत जागा सोडत नाहीत आणि कॅपिटल-स्मॉल भानगड नाही, त्यामुळं लहान पोरं आख्खं इंग्रजी वाक्य एका दमात चिकटवून लिहायची आणि मी लाल पेनानं मध्ये रेघा मारत बसायची. शब्दाच्या शेवटी स किंवा ल आला की त्यांच्या तोंडात त होतो नाहीतर न होतो, क्रियापदाला काळ लागत नाही, 'काल' म्हटलं की झाला भूतकाळ. यात पोरांचं काय चुकलं? हे आठवड्याला दोन-तीन तासांत पंचेचाळीस जणांना एकेकाला बोलतं करून सुटणारं काम नाही.

आता खरी गोष्ट. त्याच शाळेत, त्याच आवारात, दुसऱ्या मजल्यावर 'इंग्लिश प्रोग्राम' होता. जादा फी, एसी वर्ग, पोरं निम्मी, गणित-विज्ञान पण इंग्रजीत, गोरा मास्तर. ती पोरं माझ्याशी भांडायची सुद्धा इंग्रजीत. एकच शाळा, एकच झेंडा, सकाळी आठला एकच राष्ट्रगीत. तेव्हा 'थाई पोरांना इंग्रजी येत नाही' असं सरसकट म्हणूच नका, ज्यांच्या आईबापाकडं बाट, म्हणजे तिकडचे पैसे, आहेत त्यांना येतं. मराठी बाणा, तुम्ही म्हणता ज्याला गरज आहे त्यानं शिकावं. गरज सगळ्यांना आहे, ऐपत काहींनाच.

फुकेत फॅन:
बाई मस्त लिहिलंय. पण आम्ही फुकेत-पटाया दोन-तीनदा जाऊन आलो, 2024 ला तर आपल्याला व्हिसा पण लागत नव्हता, कुठं अडलं नाही बुवा. भाव कॅल्क्युलेटरवर दाखवतात, टॅक्सीवाला मोबाईलमध्ये बोलतो आणि मोबाईल आपल्याशी इंग्रजीत बोलतो. आमच्या सौ.नी तर मराठीत बोलून शहाळं कमी भावात आणलं. पुढं सगळं एआयच करणार, एवढं कशाला डोकं फोडायचं?

रयाँगकर:
शहाळ्याला चालतं हो. पण तिथं टूर गाइडचं काम कायद्यानं फक्त थाई माणसालाच करता येतं, परदेशी माणसाला बंदी. म्हणजे देशानं धंदा राखून ठेवलाय, आणि तो करायला लागणारी भाषा शाळेत मिळत नाही. चार कोटी लोकांना शहाळी विकून किती कमावणार.

बापू नाशिककर:
निवृत्त शिक्षक आहे, थायलंडला गेलेलो नाही, पण हे वाचून आपलंच घर आठवलं. आपल्याकडं 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं तेव्हा मी शाळेत होतो, आदेश आधी आला, पुस्तक मागनं आलं आणि मास्तर तोच राहिला. त्यांच्याकडं 1996, आपल्याकडं 2000, बाकी फरक नाही.

पण मला वेगळंच म्हणायचंय. पिसा म्हणून देशोदेशीच्या मुलांची एक आंतरराष्ट्रीय परीक्षा असते, त्यात 2018 ला थायलंडच्या पंधरा वर्षांच्या मुलांचे वाचनाचे गुण 393 होते, 2022 ला 379. गणित 419 वरून 394. ही परीक्षा थाई भाषेतून असते बरं का! गोट्याभाऊंना घसरण कुठंय ते हवं होतं ना, ही घ्या, आणि ही ऑनलाइन हौशी टेस्ट नाही, नीट निवडलेल्या शाळांत घेतात. जो मुलगा आपल्या भाषेतला उतारा वाचून अर्थ लावू शकत नाही तो इंग्रजीत काय लावणार. त्यात ईशान्येकडच्या इसान भागात घरची बोली लाओच्या जवळची, दक्षिणेला पट्टानीकडं घरात मलय, म्हणजे शाळेतली थाई हीच त्यांची दुसरी भाषा, इंग्रजी तिसरी. पट्टानीत महिडोल विद्यापीठानं आधी मलयमधून मग थाई असा प्रयोग केला, त्याला 2016 चं युनेस्कोचं साक्षरतेचं बक्षीस मिळालं. रस्ता सापडलेला आहे, चालायचं कोणाला नाही.

मराठी बाणा:
बापू, साष्टांग. हेच मी मघापासून सांगतोय.

नोंथाबुरीच्या बाई:
नाही हो, हे नाही सांगत होतात तुम्ही. बापू म्हणतात आधी घरची भाषा पक्की करा म्हणजे पुढची येईल. तुम्ही म्हणत होतात पुढची आणूच नका. आणि बापू, मान ठेवून सांगते, 'आधी थाई सुधारू मग इंग्रजी बघू' म्हणत थांबलं तर दुसऱ्या मजल्यावरची पोरं थांबणार नाहीत, खालच्या मजल्यावरची थांबतील.

रयाँगकर:
मग करायचं काय? माझं म्हणणं, परदेशी शिक्षक भरपूर आणा आणि नीट पगार द्या.

नोंथाबुरीच्या बाई:
आणतात की. गोऱ्याला तीस-चाळीस हजार बाट आणि तेच काम करणाऱ्या फिलिपिनो बाईला त्याच्या निम्मे, कधी थोडे जास्त. माझ्या स्टाफरूममध्ये सगळ्यात चांगली शिकवणारी एक फिलिपिनो ताई होती, शिक्षणशास्त्राची पदवी असलेली, आणि शाळेच्या बॅनरवर फोटो मात्र बॅकपॅक घेऊन आलेल्या पोरगेल्या मास्तराचा. तो पुढच्या सहामाहीला गेला सुद्धा. आणि देशात सुमारे पंधरा हजार सरकारी शाळा अशा आहेत जिथं एकशेवीसपेक्षा कमी मुलं, एकच मास्तर दोन-तीन वर्ग सांभाळतो, इंग्रजी पण तोच, खेळ पण तोच, कागदपत्रं पण तोच. तिथं कोण परदेशी जाणार? तयार करायचा तर तो थाई मास्तरच करा.

गणिती गोट्या:
त्याची पण शिबिरं झाली ना. ब्रिटिश कौन्सिलबरोबर 2016 पासून बूट कॅम्प घेतले थाई शिक्षकांसाठी.

नोंथाबुरीच्या बाई:
झाली, आणि चांगली झाली, आमच्या शाळेतली एक थाई मॅडम जाऊन आली तर आल्यावर महिनाभर वर्गात नुसते खेळ, गप्पा, पोरं खुश. मग परीक्षा जवळ आली, हेडनी विचारलं पोर्शन कुठंय, आणि मॅडम परत फळ्यावर थाईत व्याकरण लिहायला लागल्या. पेपरात पर्यायांवर खुणाच करायच्या असतील तर मॅडम बोलायला का शिकवतील? वर त्यात कोणी नापास होत नाही, कमी पडले तर परत पेपर, परत कमी तर वही आणून द्या, झाला पास. आणि एखाद्या पोरीनं चुकून नीट उच्चार केला तर बाकीची पोरं खिदळतात, शायनिंग मारते म्हणून. पुढच्या वेळी ती मुद्दाम वाईट उच्चार करते, हे मी बघितलंय.

मराठी बाणा:
मग तोंडी परीक्षा ठेवा, सोपं आहे.

गणिती गोट्या:
सोपं? दरवर्षी लाखो पोरांची तोंडी कोण घेणार, तोच मास्तर ना जो स्वतः बोलायला कचरतो? आणि मार्क कोण तपासणार?

बापू नाशिककर:
घेऊ द्या त्याच मास्तरला. आपल्याकडं दहावीच्या इंग्रजीची तोंडी शाळेतच होते, मार्क खिरापतीसारखे वाटतात हे खरं, पण त्या भीतीनं का होईना वर्षातून चार वाक्यं पोराच्या तोंडातून निघतात. तिकडं ती पण निघत नाहीत असं बाई सांगतायत.

रयाँगकर:
बापू, पुढच्या बॅचच्या इंटरव्ह्यूला मी हे करून बघतो, ड्रॉइंग समोर ठेवायचं, आधी थाईत सांग म्हणायचं आणि मग तेच इंग्रजीत. एचआरवाली थाई बाई नाही म्हणणार, फॉर्मवर इंग्रजीचाच रकाना आहे म्हणून, पण तिच्याशी भांडीन मी. थाईतच.