आतड्याच्या अस्तरासाठी 'पेप्टाइड'ची पावडर: घ्यावी का?

डिचोलीची_सून:
सासऱ्यांना जूनमध्ये हगवण लागली. विहिरीचं पाणी की आणखी काही, देव जाणे. पहिल्या पावसात आमची विहीर गढूळ होतेच. अँटिबायोटिकचा कोर्स झाला, जुलाब थांबले, पण महिना होत आला तरी पोट ठिकाणावर नाही. उकड्या तांदळाची पेज तेवढी पचते. शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला गेले होते, तिथे एका दुकानात सांगितलं की आतड्याचं अस्तर फाटलंय, ही 'नैसर्गिक पेप्टाइड'ची पावडर द्या, शरीरातलंच अँटिबायोटिक आहे, अस्तर शिवून काढते. डबा २,४०० रुपयांचा! घेतला नाही, पण डोक्यातून जात नाही. अशी पेप्टाइडं खरंच असतात का? आणि असली तर डब्यातून मिळतात?

साळचा_गडी:
पेप्टाइडच हवी तर बेडूक चाटायला सांगा सासऱ्यांना. 😀 गंमत नाही, बेडकाच्या कातडीत असलंच काहीतरी सापडलं होतं. पहिल्या पावसात बॅटरी घेऊन बेडूक पकडायला शेतात उतरणाऱ्यांनी मात्र हे वाचू नये, वनखातं टपलेलं असतं.

फोंड्याचा_निवृत्त:
ताई, डबा घेतला नाहीत ते बरं केलंत. मी डॉक्टर नव्हे. कॉलेजच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत बत्तीस वर्षं काचपट्ट्या रंगवल्या, त्या बळावर लिहितोय.

गडी म्हणतो ते खरं आहे. अमेरिकेत मायकेल झॅसलॉफ आफ्रिकन बेडकांवर शस्त्रक्रिया करून, टाके घालून त्यांना परत टाकीतल्या घाण पाण्यात सोडत. जखम चिघळायला हवी, ती चिघळेना. कातडीत जंतू मारणारी पेप्टाइडं, म्हणजे प्रथिनाच्या छोट्या साखळ्या, निघाली. १९८७ साली त्यांनी नाव दिलं मॅगेनिन. हिब्रूत ढालीला 'मागेन' म्हणतात.

आता आपलं पोट. लहान आतडं आतून मखमलीसारखं असतं, आणि त्या मखमलीच्या मुळाशी सूक्ष्म विहिरी. प्रत्येक विहिरीच्या तळाला पॅनेथ पेशी बसलेल्या. रंगवलेली काचपट्टी पाहिलीत तर त्यांच्यातले दाणे लालबुंद दिसतात. पोरांना सापडत नसत, तेव्हा मी सांगायचो, "विहिरीच्या तळाशी डाळिंब फोडून ठेवलंय, तिथे बघा." मग लगेच दिसायचं. त्या दाण्यांत डिफेन्सिन नावाची पेप्टाइडं असतात, तीस-बत्तीस अमिनो आम्लांची चिमुकली साखळी. तिच्यावर धन भार, जीवाणूच्या अंगावर ऋण भार, म्हणून ती तिथेच जाऊन चिकटते आणि त्याच्या कवचाला भोक पाडते. आपल्या पेशींच्या बाहेरच्या अंगावर तसा भार जवळजवळ नसतो, त्यामुळे आपण वाचतो. एचडी-६ नावाचं एक तर फारसं मारतही नाही. ते धागे विणून जंतूला अडकवतं, पाग टाकून मासळी धरावी तसं.

हा पहारा नेमका विहिरीच्या तळालाच का? कारण अस्तराच्या मूळ पेशी तिथेच, पॅनेथ पेशींच्या मांडीला मांडी लावून असतात. त्यांच्यापासून चार-पाच दिवसांत अस्तर नवं होतं. बियाणं सांभाळलं की पीक येतं. 'शिवून काढते' म्हणणाऱ्या दुकानदाराला हे विचारा, की जे आठवडाभरात मुळापासून नवं होतं ते शिवायचं कशाला?

तोंडावाटे घेतलेलं पेप्टाइड पोटातल्या आम्लातून आणि पाचकरसातून जाताना बहुतेक डाळीतल्या प्रथिनासारखंच पचून जातं. घरचं डिफेन्सिन मात्र खालीच, कुलूप लावलेल्या अवस्थेत सुटतं आणि ट्रिप्सिन नावाचं पाचक विकर त्याची शेपटी छाटतं तेव्हाच कामाला लागतं. एवढी नेमकी व्यवस्था डब्यात कुठून येणार?

डिचोलीची_सून:
काका, म्हणजे आपण काहीच करायचं नाही? आणि पेज देतेय ते बरोबर आहे का?

फोंड्याचा_निवृत्त:
करण्यासारखं आहे. मोठ्या आतड्यात पॅनेथ पेशी सहसा नसतात, तिथे अस्तराच्या पेशीच एलएल-३७ नावाचं पेप्टाइड बनवतात. आपण खाल्लेला चोथा तिथले जीवाणू आंबवतात, त्यातून ब्युटिरेट नावाचं छोटं स्निग्धाम्ल होतं, आणि ब्युटिरेटने ते पेप्टाइड वाढतं. शिगेला हा हगवणीचा जंतू नेमकं तेच बंद पाडतो, हे बांगलादेशातल्या रुग्णांत २००१ साली दिसलं. पुढे आजारी सशांना ब्युटिरेट दिलं तर ते परत सुरू झालं. पण ससा तो ससा, तुमच्या सासऱ्यांना शिगेलाच होता असंही मी म्हणत नाही.

पेज चालू ठेवा, फक्त वरचं पाणी पाजून शितं टाकू नका. भात शिजून गार झाला की त्यातला थोडा स्टार्च न पचता खाली पोचतो, तो त्या जीवाणूंचा खाऊ. सोसेल तसं तांबडी भाजी, थोडे कुळीथ. पाणी उकळूनच. आणि ताई, महिनाभर पोट बिघडलेलं आहे तर मल तपासून घ्या. वजन उतरत असेल, रक्त पडत असेल तर इथे विचारत बसू नका, सरळ डॉक्टरकडे.

साळचा_गडी:
विहिरीत क्लोरीन टाकलंत का? आमच्याकडे आरोग्य केंद्रातल्या बाई येऊन टाकून गेल्या.

डिचोलीची_सून:
नाही टाकलं, आजच विचारते. रक्त नाही, वजन थोडं उतरलंय, म्हणून उद्या सकाळी डॉक्टरांकडे नेतेय. तपासणीची डबी आणून ठेवली आहे. सासऱ्यांना सगळं वाचून दाखवलं. डाळिंबाचं ऐकून हसले, आणि म्हणतात, २,४०० वाचले ना, मग श्रावण लागायच्या आत एक चोणक मासा आण.