सोलापूरहून अमेरिका: घरातील पाच जण, पाच वेगळे नियम, मार्गदर्शन हवे

जुळे_सोलापूरकर (१९ एप्रिल २०२२)

नमस्कार. २७ मार्चपासून नियमित आंतरराष्ट्रीय विमाने सुरू झाली आणि गुढीपाडव्यापासून राज्यातले निर्बंधही उठले, त्यामुळे दोन उन्हाळे पुढे ढकललेला प्रवास या मे महिन्यात करायचा असे आमच्या घरात ठरले आहे. माझे दीर न्यू जर्सीत एडिसनला राहतात. सासूबाईंनी आपल्या धाकट्या मुलाला तीन वर्षांत प्रत्यक्ष पाहिलेले नाही. व्हिसा सर्वांचे २०१९ मध्येच झालेले आहेत, तिकिटेही काढली आहेत. १४ मे रोजी पहाटे साडेचारला मुंबईहून विमान असून दुबईत चार तास थांबून त्याच तिकिटावर न्यूयॉर्कला पोहोचायचे आहे. परतीचा प्रवास २४ जूनला आहे.

अडचण अशी की, आम्ही पाच जण एका घरातले असलो तरी आमची कागदपत्रे एकसारखी नाहीत. सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत. त्यांनी कोव्हॅक्सिनचे दोन डोस आणि फेब्रुवारीत बूस्टर घेतला आहे. यजमानांचे आणि माझे कोव्हिशिल्डचे दोन्ही डोस झाले आहेत, पण यजमानांना तिसऱ्या लाटेत करोना होऊन गेला. १७ जानेवारीला त्यांचा नमुना पॉझिटिव्ह आला होता. मुलगा १३ वर्षांचा असून त्याला २८ मार्चला कोर्बेव्हॅक्सचा पहिला डोस मिळाला आहे. मुलगी चार वर्षांची आहे, तिच्यासाठी आपल्याकडे लसच नाही.

तिकिटे काढून देणाऱ्या एजंटने "मुलांना काहीच लागत नाही, मोठ्यांनी चाचणी करून घ्या" एवढे सांगून विषय संपवला, आणि त्यामुळेच मला शंका येऊ लागली आहे. चाचणी प्रवासाच्या एक दिवस आधीची हवी म्हणतात, तर पहाटेच्या विमानासाठी तो दिवस कोणता धरायचा? आपल्याकडून विमान नाही, सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून मुंबई गाठायची, मग नमुना इथे द्यायचा की तिथे? यजमान नुकतेच बरे झालेले असल्यामुळे त्यांना चाचणीतून सूट मिळते का? कोव्हॅक्सिनबद्दल या महिन्यात आलेली बातमी वाचून सासूबाई धास्तावल्या आहेत, त्यांना काय सांगू? आणि दीर म्हणतात की जाताना दुबईत दोन रात्री राहून या, मुलांनाही बरे वाटेल. ते शक्य आहे का?

---

भुईकोट (१९ एप्रिल २०२२)

वहिनी, मी गेल्या महिन्यातच पत्नी आणि नातवासह जाऊन आलो असल्यामुळे हे सगळे ताजे आहे. पहिली गोष्ट म्हणजे "आमच्या कुटुंबाला कोणता नियम लागू" असा विचार सोडून द्या आणि प्रत्येकाच्या नावाची एक वेगळी प्लॅस्टिकची फाइल करा. विमानतळावर काउंटरवर बसलेली व्यक्तीही तुमच्याकडे कुटुंब म्हणून पाहत नाही, पाच पासपोर्ट म्हणून पाहते.

अमेरिकेने ८ नोव्हेंबर २०२१ पासून परदेशी नागरिकांना पूर्ण लसीकरणाची अट घातली, त्यातून १८ वर्षांखालील मुलांना सूट आहे. चाचणीची अट मात्र वेगळी आहे. ती दोन वर्षे आणि त्याहून मोठ्या प्रत्येकाला लागू आहे, लस घेतलेली असो वा नसो. म्हणजे तुमच्या चार वर्षांच्या मुलीलाही चाचणी लागणारच. एजंटने दोन सवलती एकत्र मिसळल्या आहेत.

६ डिसेंबरपासून ही मुदत एक दिवसाची झाली आहे, परंतु ती २४ तासांच्या हिशेबाने मोजत नाहीत, तारखेच्या हिशेबाने मोजतात. तुमचे पहिले विमान १४ तारखेला सुटणार असल्यामुळे १३ तारखेला दिवसभरात केव्हाही दिलेला नमुना चालतो, मग तो सकाळी सातचा असला तरी. आपण पहाटेच्या विमानाला बोलताना "शुक्रवारी रात्रीचे विमान" म्हणतो आणि तिथेच गफलत होते. १२ तारखेला संध्याकाळी नमुना देऊन निघालात तर तो अहवाल निरुपयोगी ठरेल. तिकिटावर छापलेली तारीख तेवढी खरी धरा.

दुबईत फक्त विमान बदलणार असाल तर तिथे वेगळी चाचणी मागत नाहीत, पुढच्या देशाला जे लागते तेच पाहतात. पण दोन रात्री राहिलात तर थांबा २४ तासांपेक्षा मोठा होतो, मुंबईचा अहवाल बाद होतो आणि पाचही जणांच्या चाचण्या दुबईत पुन्हा कराव्या लागतात. तिथे एखाद्याचा अहवाल पॉझिटिव्ह आला तर परक्या शहरात, हॉटेलात, ७१ वर्षांच्या सासूबाईंसह अडकाल. दिरांचा हेतू चांगला आहे, तरी माझे स्पष्ट मत "नको" असेच आहे.

---

सातरस्ता_डॉक्टर (२० एप्रिल २०२२)

ताई, वैद्यकीय बाजूचे तेवढे मी सांगतो.

कोव्हॅक्सिनबद्दल सासूबाईंनी निर्धास्त राहावे. जागतिक आरोग्य संघटनेने ३ नोव्हेंबर २०२१ रोजी तिला आपत्कालीन वापराच्या यादीत घेतले आणि अमेरिका त्या यादीतील लसी मान्य करते. या महिन्याच्या सुरुवातीला थांबवला गेला तो संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांमार्फत होणारा पुरवठा, आणि तोही कारखान्यातील उत्पादनपद्धतीत सुधारणा करण्यासाठी. घेतलेले डोस त्यामुळे रद्द होत नाहीत. बूस्टरची अट अमेरिकेने घातलेलीच नाही. दुसऱ्या डोसनंतर दोन आठवडे झालेले असले की पुरे.

यजमानांच्या बाबतीत तुमची माहिती अर्धी बरोबर आहे. बरे झालेल्या प्रवाशाला निगेटिव्ह अहवालाऐवजी जुना पॉझिटिव्ह अहवाल आणि प्रवासास योग्य असल्याचे डॉक्टरांचे पत्र दाखवता येते, पण तो नमुना प्रवासापूर्वीच्या ९० दिवसांतील असावा लागतो. १७ जानेवारीपासूनचे ९० दिवस परवाच, १७ एप्रिलला संपले. त्यांनाही चाचणी करावीच लागेल.

आता चाचणी कोणती, याबद्दल. अमेरिकेला आरटी-पीसीआरच हवी असा आग्रह नाही, अँटिजेनही चालते. माझा सल्ला अँटिजेनचाच आहे, कारण आरटी-पीसीआर इतकी संवेदनशील असते की बरा झालेला माणूसही काही आठवडे पॉझिटिव्ह दिसू शकतो, आणि यजमानांच्या बाबतीत तो धोका थोडा का होईना आहे. शिवाय अँटिजेनचा निकाल अर्ध्या तासात हाती येतो. मात्र औषधाच्या दुकानातून किट आणून घरी स्वतः केलेली चाचणी चालणार नाही, प्रयोगशाळेचाच छापील अहवाल लागेल. त्यावर चाचणीचा प्रकार, प्रयोगशाळेचे नाव, नमुना घेतल्याची तारीख, निकाल, पासपोर्टवरचे पूर्ण नाव आणि जन्मतारीख किंवा पासपोर्ट क्रमांक यांपैकी एक तरी असायला हवे. अहवाल हातात पडताच काउंटरवर उभे राहूनच तपासा. आपल्याकडे संगणकावर नावे भरणाऱ्यांना नवऱ्याचे किंवा वडिलांचे नाव गाळण्याची सवय आहे.

आणि विचारले नाहीत तरी सांगतो: पाचांपैकी एकाचा अहवाल पॉझिटिव्ह आला तर कोण थांबणार आणि कोण जाणार, हे आजच घरात बसून ठरवा. त्या दिवशी ठरवायला गेलात तर भांडण होईल. जो थांबेल त्याने विलगीकरण पूर्ण झाल्यावर पुन्हा चाचणी करण्याच्या फंदात पडू नये. मी वर सांगितलेल्या ९० दिवसांच्या नियमाचा उपयोग नेमका अशा वेळी होतो.

---

डोंबिवलीत_पण_सोलापूरचा (२० एप्रिल २०२२)

भुईकोट यांच्याशी बहुतेक बाबतीत सहमत आहे. तरीही माझ्या मते चाचणी मुंबईत करावी. १२ तारखेला रात्री सिद्धेश्वरने निघा, १३ ला सकाळी दादरला उतरा, तिथेच एखाद्या प्रयोगशाळेत नमुने द्या आणि दिवसभर नातेवाइकांकडे विश्रांती घ्या. सोलापुरात सकाळी चाचणी करून चारशे किलोमीटर मोटारीने यायचे म्हणजे द्रुतगती मार्गावर घाटात एखादा ट्रक बंद पडला की जीव टांगणीला लागतो.

---

सातरस्ता_डॉक्टर (२० एप्रिल २०२२)

घाटाची भीती खरी आहे, पण विमान पहाटे साडेचारचे आहे. सकाळी आठला नमुने देऊन दहाला निघाले तरी वाटेत दोनदा जेवून रात्री नऊपर्यंत मुंबई गाठता येते. उलट मुंबईत कुणी पॉझिटिव्ह निघाले, तर पाच माणसांना विलगीकरणासाठी घरात घेणारे नातेवाईक कोण आहेत? सोलापुरात निघाले तर स्वतःच्या घरात, स्वतःच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली राहता येते. खर्चाचाही प्रश्न नाही: राज्य सरकारने डिसेंबरमध्ये ठरवून दिलेल्या दरानुसार प्रयोगशाळेत जाऊन अँटिजेन करून घेण्यास १०० रुपये आणि आरटी-पीसीआरला ३५० रुपये लागतात.

---

शेंगाचटणी (२१ एप्रिल २०२२)

जाण्याबद्दल बरेच लिहून झाले, पण परतीबद्दल कुणीच लिहिलेले नाही, आणि माझी बहीण नेमकी तिथेच अडकता अडकता राहिली.

भारतात येताना एअर सुविधा पोर्टलवर स्वयंघोषणापत्र भरावे लागते. १४ फेब्रुवारीपासूनच्या नियमांनुसार त्यासोबत एकतर प्रवासापूर्वी ७२ तासांच्या आतील आरटी-पीसीआर अहवाल किंवा लसीकरण पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र जोडायचे आहे. प्रमाणपत्राची ही सवलत ठरावीक देशांतून येणाऱ्यांनाच असून त्या यादीत अमेरिका आहे. इथे अँटिजेन चालत नाही. सात दिवसांचे सक्तीचे गृहविलगीकरण आता काढून टाकले आहे. १४ दिवस स्वतःच्या प्रकृतीकडे लक्ष ठेवायचे, एवढेच उरले आहे.

तुम्ही तिघे मोठे प्रमाणपत्रावर याल. मुलाचे २८ दिवस २५ एप्रिलला पूर्ण होतात. त्याला त्याच आठवड्यात दुसरा डोस द्या, म्हणजे तोही प्रमाणपत्रावर येईल. कोर्बेव्हॅक्स जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत नाही, पण जाताना त्याला लसीची अटच नाही आणि येताना आपलेच सरकार आपलीच लस पाहणार आहे. जाताना जे हमीपत्र भरून द्याल, त्यात त्याच्यासाठी आणि धाकटीसाठी अमेरिकेत पोहोचल्यावर तीन ते पाच दिवसांनी चाचणी करण्याची हमी असते, तेवढी पाळा. मुलांच्या वतीने सही पालकांनी करायची असते.

मुलीबद्दल एक विचारते. भारताच्या नियमात पाच वर्षांखालील मुलांना चाचणीतून सूट आहे. तिला पाच वर्षे केव्हा पूर्ण होतात?

---

जुळे_सोलापूरकर (२१ एप्रिल २०२२)

शेंगाचटणी ताई, आपला प्रश्न वाचून मी अक्षरशः पासपोर्ट काढून पाहिला. ९ जूनला! म्हणजे जाताना ती चार वर्षांची आणि येताना पाच वर्षांची. हे माझ्या स्वप्नातही आले नसते.

आणखी एक. सासूबाईंच्या कोविन प्रमाणपत्रावर त्यांचे नाव आणि आडनाव एवढेच आहे, पासपोर्टवर मात्र सासऱ्यांचे नावही मध्ये आहे. चालेल का?

---

भुईकोट (२१ एप्रिल २०२२)

चालून जाईलही, पण त्या भरवशावर राहू नका. कोविनवर लॉग-इन करून "रेझ अ‍ॅन इश्यू" मध्ये नाव दुरुस्त करा. ही दुरुस्ती एकदाच करता येते, म्हणून पासपोर्ट समोर ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. त्यानंतर पासपोर्ट क्रमांक जोडून आंतरराष्ट्रीय प्रवासासाठीचे वेगळे प्रमाणपत्र उतरवून घ्या. त्यावर नुसते वय न येता पूर्ण जन्मतारीख येते. हे काम आजच करा, प्रवासाच्या आठवड्यावर ढकलू नका.

---

जुळे_सोलापूरकर (२७ जून २०२२)

परवा रात्री आम्ही सुखरूप सोलापूरला पोहोचलो. ज्यांनी वेळ काढून लिहिले त्यांना पुढे काय झाले ते सांगणे मला आवश्यक वाटते.

चाचणी आम्ही डॉक्टरांच्या सल्ल्याप्रमाणे १३ मेला सकाळी सोलापुरातच केली, आणि पाचही अहवाल निगेटिव्ह आले. परंतु मुलाच्या अहवालावर जन्मवर्ष चुकीचे पडले होते. काउंटरवरच तपासण्याची सूचना पाळली म्हणून ते लक्षात आले. प्रयोगशाळेने दहा मिनिटांत नवी प्रत दिली. अन्यथा हा प्रकार मध्यरात्री मुंबई विमानतळावर उघड झाला असता. तिथे सासूबाईंचे प्रमाणपत्र आणि पासपोर्ट शेजारी शेजारी धरून नाव दोनदा वाचले गेले, म्हणजे दुरुस्तीचा खटाटोप वाया गेला नाही. दुबईत कुणी काहीही मागितले नाही.

आम्ही तिकडे असतानाच अमेरिकेने चाचणीची अट १२ जूनपासून काढून टाकली. लसीची अट मात्र तशीच ठेवली आहे. माझ्या जाऊबाईंचे आईवडील आता कोणतीही चाचणी न करता जाणार आहेत, आणि आमच्या सासूबाईंना वाटते की आपण एक महिना थांबलो असतो तर नाकात काडी घालून घ्यावी लागली नसती.

परतताना पाच जणांपैकी एकटीच, तीही सर्वांत धाकटी, आरटी-पीसीआरच्या रांगेत उभी होती. तिकडच्या बऱ्याच ठिकाणी निकाल येण्यास दोन-तीन दिवस लागतात असे कळल्यामुळे, दिरांनी एका दिवसात अहवाल देणारी प्रयोगशाळा शोधून २२ जूनला नमुना दिला. दर ऐकून मी रुपयांत हिशेब करणे सोडून दिले. मुंबईत उतरल्यावर एकूण प्रवाशांपैकी दोन टक्क्यांचे नमुने घेतात, त्यात आमच्यातले कुणी निवडले गेले नाही. एअर सुविधाची छापील प्रत मात्र मागितली.

संपादकांना विनंती आहे की, अमेरिकेला जाताना लागणाऱ्या चाचणीचा भाग १२ जूनपासून कालबाह्य झाल्याची नोंद त्यांनी धाग्याच्या शीर्षकाखाली करावी. एअर सुविधा आणि पाच वर्षांच्या अटीबद्दल शेंगाचटणी ताईंनी लिहिलेले आजही जसेच्या तसे लागू आहे.