मदत हवी आहे : मोबाईलचा जीपीएस धुऱ्यावर (बांधावर) ४ मीटर अचूकता सांगतो, त्यावर कितपत विसंबावं?

मंडळी, वावर यवतमाळ जिल्ह्यात, सातबाऱ्यावर २ हेक्टर ०२ आर. पराटी (कपाशी) निघाल्यावर धुऱ्यानं चालत मोबाईलवर तीनदा मोजलं : २.११, २.०३, २.१६. ॲप प्रत्येक वेळी "अचूकता ४ मीटर" दाखवत होतं. मग कडुनिंबाखालच्या हद्दीच्या दगडावर फोन ठेवून सकाळ-संध्याकाळ खूण घेतली, तर दोन खुणांत ९ मीटरचं अंतर! उघड्या कोपऱ्यावरच्या दगडाला मात्र फरक २-३ मीटरच आला.

अँड्रॉइडमध्ये ४ मीटर म्हणजे खरी जागा तेवढ्या त्रिज्येच्या वर्तुळात असण्याची शक्यता ६८ टक्के, एवढं वाचलंय. म्हणजे साधारण तीनातून एकदा आपण वर्तुळाबाहेर! झाडामुळे सिग्नल आडून येतो, हेही कळतं. फोन उपग्रहांच्या एल१ आणि एल५ या दोन्ही लहरी पकडतो, नाविकचे (भारताच्या स्वतःच्या यंत्रणेचे) उपग्रहही दिसतात. दगडावर दहा मिनिटं थांबून सरासरी काढली, तरी झाडाखालची खूण सरकतेच.

सरकारी मोजणीचा अर्ज केलाय, हद्द तिच्यावरच ठरेल. शेजारच्या काकांशी वाद घालायचा नाही, उलट चुकीचा आकडा त्यांच्यापुढे ठेवायची भीती वाटते. कुंपणाच्या तारेचा अंदाज तेवढा हवाय. वावरात रेंज नाही, आरटीके (सेंटीमीटरपर्यंत अचूक जागा सांगणारं) यंत्र भाड्यानं आणणं परवडत नाही.

नेमकं विचारायचं ते हे : कोणती खूण धरायची नि कोणती टाकायची, हे ॲपमधल्या उपग्रहांच्या यादीवरून किंवा सिग्नलच्या आकड्यांवरून जागेवरच कसं ओळखता? आणि झाडाखालच्या दगडासाठी उघड्यावरच्या दोन खुणांपासून टेपनं अंतर धरलं, तर ते जास्त भरवशाचं ठरेल का?