जड म्हणजे नक्की किती? हृदयाच्या दुखण्यानंतर पुन्हा अंगमेहनतीला लागलेल्यांनो, लिहा

मानपाडा, ठाणे. बागकाम आणि नर्सरी, वय 54

फेब्रुवारीत झटका आला तेव्हा मी टेम्पोतून कुंड्या उतरवत होतो. छातीवर कुणी पाय दिल्यासारखं, जबडा दुखतोय, आणि घाम असा की शर्ट पिळावा. म्हटलं गॅस झालाय. सोडा प्यायलो आणि आणखी चार कुंड्या उतरवल्या. त्या चार कुंड्यांवरून बायको अजून ऐकवते, आणि बरोबरच आहे तिचं. मनगटातून एक स्टेंट टाकला, म्हणजे हृदयाची शीर उघडी ठेवणारी बारीक जाळी.

घरी सोडताना कागदावर लिहून दिलं, 'जड काम टाळा'. आमच्या धंद्यात हलकं काय असतं? डॉक्टरांना विचारलं, जड म्हणजे किती? म्हणाले, "झेपेल तेवढं करा." झेपत होतं म्हणूनच तर चार कुंड्या उतरवल्या ना!

मग मी वजनकाटा आणला. दहा लिटरची भरलेली झारी, झारी धरून 11 किलो. बारा इंची कुंडी ओल्या मातीची असेल तर 20 च्या आसपास, तीच सुकलेली असेल तर चार-पाच किलोने कमी. भरलेला सिलिंडर 30 च्या घरात, त्यात गॅस 14.2 आणि बाकी सगळं लोखंड. आयुष्यभर उचलत आलो, मोजलं कधीच नव्हतं. पुढच्या तपासणीला ती यादी नेली. डॉक्टर पेन काढून एकेका ओळीसमोर खूण करत गेले: हे आत्ता, हे दीड महिन्याने, हे एकट्याने कधीच नाही.

तुमचं काम काय, परत कधी लागलात, कुठे फसलात, ते लिहा. माझे आकडे माझ्यापुरते, ते बघून कुणी काही उचलू नका.

दिवाळे गाव, बेलापूर. वडिलांबद्दल लिहितेय

बाबा खाडीत जातात. अँजिओप्लास्टीनंतर दोन महिने ते दारात बसून जाळी शिवत होते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला भरतीची वेळ सांगत होते. आम्हाला भीती वल्ह्याची. निघाला भलताच त्रास. रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या चालू होत्या, आणि पहिल्याच दिवशी शिंगाळा माशाचा काटा तळहातात गेला. एरवी असं काही झालं की ते बोट तोंडात घालतात आणि पुढे जातात. त्या दिवशी फडका लाल होत गेला तरी रक्त थांबेना. होडीत दुसरं कुणी नव्हतं. दाबून धरायचं म्हणजे एक हात गेला, मग वल्हं कसं मारणार? पाण्याने खाली नेलं, तिथे ओळखीची होडी भेटली म्हणून निभावलं.

आता होडीत जाड हातमोजे आणि पट्टीचा गठ्ठा असतो, आणि चुलतभाऊ असतोच. वल्ह्याचं बाबांनी स्वतःच ठरवलं. ओहोटीबरोबर जायचं, भरतीबरोबर यायचं, पाण्याच्या उलट वल्हवायचं नाही. उधाणाच्या दिवसांत सुट्टी. आजोबा म्हातारपणी असंच करायचे म्हणे. फक्त पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, अजून फेकू देत नाही आम्ही. ओला पाग शिशासकट उचलून कमरेतून गरकन फिरून फेकायचा, त्यात श्वास रोखला जातो. फिजिओ म्हणाली, वजनापेक्षा तो रोखलेला श्वास वाईट. बाबा रुसलेत.

वाशी, कांदा-बटाटा मार्केट. माथाडी

माझी बायपास. छातीचं हाड मधून कापून तारेने बांधतात, ते जुळायला अडीच-तीन महिने जातात हे आधी माहीत नव्हतं. खोकला आला की उशी छातीशी आवळायची. उठताना हातावर जोर द्यायचा नाही, कुशीवर वळून उठायचं. ज्याने पाठीवर गाड्या रिकाम्या केल्या त्याला भरलेली कळशी उचलायला मनाई.

आमच्याकडे 50 किलोच्या वरची गोणी नको म्हणून आम्ही भांडत आलो. 1969 च्या माथाडी कायद्याने मंडळ मिळालं, फंड मिळाला, हे सगळं खरं. पण टोळीची मजुरी टोळीत वाटली जाते. मी गोणी उचलली नाही तर माझी गोणी दुसऱ्याच्या पाठीवर जाते. चौथ्या महिन्यात परत गेलो तेव्हा मुकादमाने मला थप्पी मोजायला आणि फाटक्या गोण्या शिवायला बसवलं. तोंडावर कोणी काही बोललं नाही. पण एकदा चहाच्या टपरीवर ऐकलं, "त्याचं बरंय, सुई-दोऱ्याची हजेरी." त्या रात्री छातीत दुखलं ते हाडाचं होतं की त्या बोलण्याचं, सांगता येत नाही.

आणखी एक. बायपासला पायातली शीर काढतात. दिवसभर फरशीवर उभं राहिलं की तो पाय संध्याकाळी सुजतो, चपलेचा पट्टा रुततो. लोक छातीचंच विचारतात, पायाचं कुणी नाही.

घणसोली. एसी बसवतो, वय 38

माझा झटका नव्हताच. बाराव्या मजल्यावर, खिडकीबाहेर कंबरपट्ट्यावर लटकून आउटडोअर युनिट बसवत होतो आणि छातीत कळ आली. ईसीजी, ट्रोपोनिनची रक्ततपासणी दोनदा, टूडी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, पुढे टीएमटी म्हणजे पट्ट्यावर चालवून ईसीजी. सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, कामाला लागा. मी लागलो, आणि दर दहा मिनिटांनी घड्याळात नाडी बघायला लागलो. ती बघितली की वाढायची, वाढली की पुन्हा बघायचो. एकदा ड्रिल हातात धरून अर्धा तास गच्चीवर नुसता बसलो. मालकाला सांगितलं, ड्रिल तापलंय.

घड्याळ आता टूलबॅगेत असतं. बाकी उपाय सापडलेला नाही. कुणाला सापडला असेल तर सांगा.

दिवा. नवऱ्याबद्दल लिहितेय

आमचे हे गवंडीकाम करतात. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची गोळी खिशातच हवी, हे त्यांना शंभरदा सांगितलं. खिशातच होती. तीन आठवडे तोच शर्ट, तोच घाम, आणि दोनदा मशीनमध्ये धुऊन निघाला. गोळीचं पीठ झालं होतं! आता चुन्याच्या रिकाम्या डबीत पत्र्यासकट कापून ठेवते. साइटवरच्या दोघांना डबी दाखवून ठेवलीय. गोळी घ्यायची ती बसून, उभ्याने नाही, कारण बीपी उतरून माणूस पडतो. परांचीवर चढलेल्या माणसाने तर आधी खाली उतरायचं. पाच मिनिटांत थांबलं नाही तर 108. "गॅस असेल" म्हणायचं नाही. वरच्या सोडावाल्या दादांना माझाही एक टोमणा.

कळवा, ठाणे

मी परत गेलो नाही. हातगाडी विकली, आता एका सोसायटीच्या गेटवर खुर्चीत बसतो. आठ किलो वजन वाढलं. डॉक्टर म्हणतात, चाला.

मानपाडा, पुन्हा मीच

सगळं वाचलं. दिव्याच्या वहिनी, टोमणा पोचला.

घणसोलीच्या भावाला एक सांगतो. मला नाडी मंद ठेवणारी गोळी चालू आहे, त्यामुळे घड्याळावर आकडा चढतच नाही. मी दमलोय की नाही ते त्याला कळत नाही. फिजिओने दुसरं माप दिलं: काम करताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. म्हणून मी झाडांना पाणी घालताना पोराशी भांडतो. वाक्य मधेच तुटलं की झारी खाली. दमट हवेत ते लवकर तुटतं, म्हणून एप्रिल-मेमध्ये अकरानंतर फावड्याला हात नाही.

परवा कोलशेतला दोन मोठ्या कुंड्या गच्चीवर चढवायच्यात. आदल्या दिवशी पाणी घालू नका, असं सोसायटीला फोन करून सांगितलंय.