डॉक्टर ‘म्हणाले’ की ‘म्हणाल्या’? कोडं क्रियापदातच फुटतंय

बाई_वाईच्या

मी वाईजवळच्या एका शाळेत आठवीला मराठी शिकवते. शनिवारी सकाळची शाळा, शेवटचा तास कोड्यांचा. नेहमीची कोडी मुलांना तोंडपाठ आहेत, म्हणून यंदा वेगळी घेतली. काहीतरी आक्रीत घडलेलं असतं, कोणाचा तरी जीव गेलेला असतो आणि मुलांनी प्रश्न विचारत ‘का’ ते शोधायचं. मी फक्त ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘त्याचा संबंध नाही’ एवढंच बोलते.

गेल्या शनिवारी ते जुनं अपघाताचं कोडं घेतलं. बाप-लेक गाडीतून चाललेत, अपघात होतो, बाप जागीच जातो. मुलाला ऑपरेशनला नेतात, तर डॉक्टर त्याला बघून म्हणतात, ‘मी याचं ऑपरेशन करू शकत नाही, हा माझा मुलगा आहे.’ डॉक्टर म्हणजे त्याची आई. इंग्रजीत हे बेमालूम लपतं. मी मराठीत ‘डॉक्टर म्हणाल्या’ असं वाचलं आणि पहिल्या बाकावरून लगेच आवाज, ‘आई!’ दुसऱ्या तुकडीत मग ‘म्हणाले’ म्हटलं. पोरं वीस मिनिटं झटली. सावत्र बाप, दत्तक मुलगा, बापाचा जुळा भाऊ, सगळं झालं. उत्तर सांगितल्यावर एक मुलगी उभी राहिली. ‘बाई, तुम्हीच ‘म्हणाले’ सांगितलंत. मग आम्ही ओळखायचं कसं?’

तिचं शंभर टक्के बरोबर होतं आणि मला ते फार लागलं. कोडं घालणाऱ्याने लपवावं, पण खोटं बोलू नये. मराठीत ही कोडी कोणी घेत असाल तर कशी सांगता?

नाना_मिरज

ताई, ‘नी’ लावा. ‘डॉक्टरांनी मुलाकडे पाहिलं, हात मागे घेतले आणि सांगितलं…’ कर्त्याला ‘नी’ लागला की क्रियापद त्याचं लिंग सोडून देतं. तुम्ही वर्गात कर्मणी आणि भावे प्रयोग शिकवता, तोच इथे कामाला येतो. ‘मी करू शकत नाही’ हे वाक्य आहे तसंच ठेवा, ते बाईच्या तोंडी तेच आणि पुरुषाच्या तोंडीही तेच. ‘शकलो नाही’, ‘शकले नाही’ केलंत की संपलं.

आणखी एक. मुलं स्वतःच विचारतील, ‘ते डॉक्टर म्हातारे होते का?’ तो ‘ते’ त्यांचा आहे, त्यांच्या डोक्यातून आलेला. तुम्ही नुसतं ‘नाही’ म्हणा, त्यांचं वाक्य परत उच्चारू नका. खरं कोडं त्या ‘ते’मध्येच आहे.

पूर्वा_के

माझ्या पुतण्यांना मी राजा-राणीचं घातलं होतं. राजा आणि राणी जमिनीवर, जीव गेलेला, शेजारी फुटलेली काच, सांडलेलं पाणी, खिडकी सताड उघडी. (दोघं मासे, वाऱ्याने काचेचं भांडं पडलं.) मी ‘वारले’ म्हणाले. मोठा नंतर भांडायला आला, मासा कधी वारतो का? ‘मेले’ म्हटलं असतं तर त्याने तिथेच पकडलं असतं, कारण आमच्याकडे माणसाबद्दल तसं बोललं की आजी ओरडते. आता मी ‘दोघांचाही जीव गेलेला होता’ म्हणते. नानांचा ‘नी’ मला आवडला.

पाण्याचे_नमुने

मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे. बाई, एकदा खरं घडलेलं घालून बघा. १८५४, लंडन. हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा कॉलऱ्याने गेली. तेव्हा हॅम्पस्टेडात कॉलरा नाही. साथ लंडनच्याच सोहो भागात, तिथे ती कित्येक महिन्यांत फिरकलेली नाही. तिच्याकडे आलेली भाची इस्लिंग्टनला परतली आणि तीही गेली, त्या भागातही साथ नव्हती. का?

उत्तर: सोहोतल्या ब्रॉड स्ट्रीटच्या हापशाचं पाणी तिला आवडायचं, म्हणून रोज गाडीतून त्याची मोठी बाटली यायची. भाचीही तेच प्यायली. डॉक्टर जॉन स्नो यांना हे त्या बाईच्या मुलाकडून कळलं. कॉलरा पाण्यातून पसरतो असं ते सांगत होते, पण बहुतेक जण दूषित हवेला दोष देत होते. हवेने झालं म्हणावं तर ही बाई त्यात बसत नाही. ८ सप्टेंबरला त्या हापशाचा दांडा काढला.

बाई_वाईच्या

सगळ्यांचे मनापासून आभार. आज दोन्ही केली.

नानांचं वाक्य तिसऱ्या तुकडीत वापरलं. बारा मिनिटं लागली, आणि उत्तर कळल्यावर एकही तक्रार नाही. एका मुलाने माझं वाक्य वहीत उतरवून घेतलं आणि शब्द न् शब्द तपासून सांगितलं, ‘बाई, यात खोटं काहीच नाही.’ मला याहून जास्त काही नको होतं.

लंडनचं मात्र अवघड गेलं. ‘आजारी माणूस भेटला होता?’ नाही. ‘सोहोतून कपडे आले होते?’ नाही. मग सगळे गप्प. उन्हाळ्यात ज्याच्या वाडीला टँकर येतो तो मुलगा मागून म्हणाला, ‘बाई, ती पाणी कुठलं प्यायची?’ म्हटलं, हो-नाहीत बसेल असं विचार. तो थांबला. ‘तिथलंच?’ नाही. ‘मग भरून यायचं?’ हो. वर्गात एकदम गलका झाला.

त्या हापशाच्याच गल्लीत बिअरच्या कारखान्यातले सत्तरच्या वर कामगार होते, त्यांच्यात कॉलऱ्याने कोणी गेलं नाही, एवढंच सांगून घंटेला सोडलं. सोमवारी प्रश्न घेऊन येणार आहेत.